आरा मशीन आणि कुजबुज

नागपूरच्या लकडगंजात आरा मशीनचं पातं सागवानाच्या ओंडक्यात शिरलं की शेजारच्या माणसाशी बोलायला त्याच्या कानाशी तोंड न्यावं लागतं. त्याचं बोलणं थांबलेलं नसतं, हवेतून ते येतच असतं. पण मोठ्या आवाजापुढे त्याच्या जवळपासच्या पट्टीतला बारीक आवाज कान चक्क सोडून देतो. चित्रपटगृहातल्या डिजिटल सराउंड आवाजाचं अर्धं गणित कानाच्या या सवयीवर उभं आहे.

14 मार्च 1931 रोजी मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये ‘आलम आरा’ बोलू लागला, तो समोरच्या पडद्यामागून. आवाज प्रेक्षकाभोवती फिरवण्याची हौस मात्र जुनी. 1940 च्या ‘फँटेशिया’साठी डिस्नेने त्याची खास यंत्रणा बनवली होती, पण ती इतकी महाग की मोजक्याच ठिकाणी लागली.

आपल्याकडे हे कौतुक लोकांच्या अंगावर आलं ते 15 ऑगस्ट 1975 ला. ‘शोले’चं ध्वनिमिश्रण मंगेश देसाईंचं. परळच्या राजकमल कलामंदिरातला हा माणूस असा, की सत्यजित राय कोलकात्याहून त्याच्याकडे येत. मुंबईच्या मिनर्व्हात 70 मिमीच्या प्रिंटवर, मॅग्नेटिक पट्ट्यांमधून निरनिराळ्या स्पीकरांना निरनिराळा आवाज मिळे. उडवलेलं नाणं पडल्याचा आवाज ऐकून प्रेक्षक खुर्चीखाली वाकून बघत, हा किस्सा आजही सांगितला जातो. पण अशा प्रिंट महाग आणि पट्ट्या झिजणाऱ्या. गावोगावच्या टॉकीजला त्या परवडणाऱ्या नव्हत्या.

तोडगा निघाला तो 35 मिमीच्या साध्या फिल्मवरच. तिच्या प्रत्येक चौकटीच्या कडेला चार भोकं असतात, त्यांच्या मधली जागा रिकामी. 1992 मध्ये ‘बॅटमॅन रिटर्न्स’च्या वेळी डॉल्बी कंपनीने त्या जागेत ठिपक्यांचे चौकोन छापले. सेकंदाला 24 चौकटी, म्हणजे 96 चौकोन. त्यात आवाजाचे सहा प्रवाह बसवायचे: डावा, मधला, उजवा, मागचे दोन आणि फक्त खालच्या घुमाऱ्यासाठी एक. त्या शेवटच्याला पूर्ण पट्टी लागत नाही, म्हणून ‘सहा’ न म्हणता ‘5.1’. जागा मिळाली सेकंदाला 320 किलोबिटांची. सीडीला नुसत्या दोन प्रवाहांसाठी 1,400 च्या वर लागतात! मग आरा मशीनची युक्ती कामी आली. जी कुजबुज कानाला ऐकूच येणार नाही, तिच्यावर बिट खर्च करायचे नाहीत.

पुढच्याच वर्षी ‘ज्युरासिक पार्क’बरोबर आलेल्या डीटीएस या पद्धतीने वेगळी वाट धरली. फिल्मवर फक्त वेळेच्या खुणा, आवाज वेगळ्या सीडीवर. जागा ऐसपैस, त्यामुळे काटछाट कमी. पण चकती डब्यात यायची राहिली, तर सुरांची सगळी श्रीमंती तिच्याबरोबर मागे राही. सोनीने फिल्मच्या दोन्ही कडा वापरल्या, आणि आधी घासतात त्या नेमक्या कडाच. म्हणून सगळ्यांच्या शेजारी जुना ॲनालॉग पट्टा ठेवलेलाच असे. डिजिटल अडखळलं की यंत्र गुपचूप त्याच्यावर जाई आणि प्रेक्षकाला पत्ताही लागत नसे.

गंमत अशी, की महाराष्ट्रात ‘डॉल्बी’ म्हणजे मिरवणुकीतली स्पीकरची भिंत. रे डॉल्बीने 1965 मध्ये लंडनला कंपनी काढली, ती टेपची खरखर कमी करायला!

आता रीळ गेलं. चित्रपट हार्ड डिस्कवर येतो आणि त्यातला 5.1 आवाज काटछाट न करता, जसाच्या तसा. 2012 पासूनच्या डॉल्बी ॲटमॉसमध्ये तर प्रवाहांची मोजदाद मागे पडली. हेलिकॉप्टर कुठे आहे एवढं सांगायचं, कोणत्या स्पीकरने बोलायचं ते यंत्र त्या सभागृहापुरतं ठरवतं.

काटछाट उरली घरात. नेटफ्लिक्स 5.1 आवाज पाठवतं, तो फार तर सेकंदाला 640 किलोबिटांत. टीव्हीतून ऑप्टिकल केबलने साउंडबारला जोडलं, तर साधा डॉल्बी डिजिटल जातो, पण काटछाट न केलेल्या आवाजाचे दोनच प्रवाह मावतात. खोक्यावर ‘7.1’ छापलेलं असलं तरी. आणि मे महिन्यात, नागपुरात, खिडकीला कूलर लावलेला असेल, तर काटछाटीतून राखून ठेवलेल्या कुजबुजीतलीही बरीचशी त्याच्या घरघरीत जाते.