साक्रीत पाहण्यासारखे

दिवाळीला पाहुणे आले की हटकून विचारतात, "तुमच्या साक्रीत पाहण्यासारखे काय?" मी त्यांना बळसाण्याची जुनी देवळे दाखवितो, भामेरच्या डोंगरात कोरलेली दालने दाखवितो. ती पाहून स्वारी खूष होते. मग पांझरेकाठचा एखादा बंधारा दाखविला, की चेहरे उतरतात. दगडचुन्याची भिंत ती, तिचे काय कौतुक!

पण भिंत नव्हे, तिच्या पाटावरची फडपद्धत पाहायची. ३०० वर्षांहून अधिक काळ ती या खोऱ्यात चालत आली. गावची बागाईत तीन-चार फडांत वाटलेली. एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यायचे. बहुतेकांचा तुकडा प्रत्येक फडात असे. नदीला पाणी कमी, तर अख्खा एक फडच कोरडा ठेवायचा. झळ साऱ्या गावाने वाटून घ्यायची. पाटकरी पाणी देई, जागल्या पीक राखी. दोघांची मजुरी धान्यात. सरकारी पाटबंधारे खात्याच्या कितीतरी आधीचा हा कारभार!

पुढे विहिरी झाल्या, पंप आले आणि ठिकठिकाणी फड मोडले. आमच्या विहिरीवर पंप बसला, त्या साली फडाच्या बैठकीला जाणे मीही सोडले. हे मात्र मी पाहुण्यांना सांगत नाही.