पुठ्ठ्याचे मखर डगमगू नये म्हणून जोड कसे करावेत?

मार्च २०१८ मध्ये महाराष्ट्रात थर्माकोलच्या वस्तूंवर बंदी आली आणि अनेक घरांतली गणपतीची मखरे पुठ्ठ्याची होऊ लागली. पुठ्ठ्याची अडचण एकच, तो ओल शोषतो. खाडीकाठच्या नायगावात भाद्रपदातली हवा दमट असते. नुसत्या चिकटपट्टीवर उभे केलेले खांब अशा हवेत सैल पडू लागतात. म्हणून भार चिकटपट्टीवर नको, जोडावर हवा.

सर्वांत सोपा जोड खाचेचा. एका तुकड्याला वरून आणि दुसऱ्याला खालून निम्म्या उंचीपर्यंत खाच पाडायची आणि दोन्ही एकमेकांत अडकवायचे. खाचेची रुंदी पुठ्ठ्याच्या जाडीइतकीच हवी. थ्री प्लाय पुठ्ठ्याला साधारण ३ मिलिमीटर. बहुतेकांचे इथेच चुकते. खाच रुंद झाली की मखर डुलते. आधी टाकाऊ तुकड्यावर करून बघितलेले बरे.

दुसरी चूक बाहेरून दिसत नाही. पुठ्ठ्याच्या आतल्या पन्हळी खांबात उभ्या हव्यात. आडव्या आल्या तर तोच पुठ्ठा वजनाखाली दुमडतो. कोपऱ्यांना आतून त्रिकोणी आधार द्यावा, जोडावर फेव्हिकॉल लावून रात्रभर वाळू द्यावे. समई मात्र मखरापासून लांबच ठेवावी.