तीन गाण्यांची मुभा

एप्रिल २०१४ मधली गोष्ट. सकाळी एका वर्तमानपत्राच्या कचेरीतून फोन आला. "नंदू भेंडे गेले. तुमच्याकडे जुना फोटो असेल ना? दुपारपर्यंत हवाय." रॉक संगीताचे कार्यक्रम टिपण्यात ज्याची उमेद गेली, त्याला असे फोन नवे नाहीत. कलावंत गेल्याची बातमी मला बहुतेक वेळा अशीच कळते. आधी फोटोची मागणी येते, वाईट वाटायला सवड नंतर मिळते.

नंदू भेंडे म्हणजे आत्माराम आणि आशा भेंडे यांचे चिरंजीव. घर नाटकाचं, पण मुलाचा ओढा रॉककडे. १९७४ साली अलेक पदमसींनी मुंबईत 'जीझस ख्राइस्ट सुपरस्टार' हे रॉक नाटक केलं, त्यात नंदू जुडास झाले होते. १९७८ साली पु. ल. देशपांडे यांचं 'तीन पैशाचा तमाशा' थिएटर अकॅडमीनं रंगभूमीवर आणलं, तेव्हा हाच आवाज मराठी प्रेक्षकांनी ऐकला. पुढे 'डिस्को डान्सर' या चित्रपटातही तो आला. अशा माणसाचा फोटो माझ्याकडे नसेल कसा? होता. एक नव्हे, चांगले दहा-बारा होते. दुपारपर्यंत पोचवलाही.

पण त्या निमित्तानं जुने डबे उघडले आणि एक गोष्ट ध्यानात आली. प्रत्येक फोटोत नंदू आहेत. मागे ड्रम वाजवणारा कोण, बेस गिटारवर कोण, काही पत्ता नाही. कुठे अर्धा खांदा, कुठे नुसता हात.

याचं कारण सांगतो. आमचं शिक्षण झालं ते धोबी तलावच्या रंगभवनात, सेंट झेवियर्स कॉलेजच्या शेजारच्या खुल्या नाट्यगृहात. १९७८ साली 'जॅझ यात्रा' तिथेच सुरू झाली. मार्च १९८० मध्ये 'द पोलीस' हा इंग्लंडचा बँड तिथे वाजवून गेला. त्याला आणलं होतं मदतकार्य करणाऱ्या महिलांच्या टाइम अँड टॅलेंट्स क्लबनं! १९८६ पासून 'इंडिपेंडन्स रॉक' सुरू झालं आणि देशभरातल्या बँडना हक्काचं व्यासपीठ मिळालं. वर आकाश आणि पुढे घामानं भिजलेली कॉलेजची पोरं.

त्या काळी परदेशी फिल्म महाग आणि दुर्मिळ. उटीच्या सरकारी कारखान्याची 'इंदू' फिल्म मिळायची. एका रोलमध्ये छत्तीस फोटो, आणि खिशात रोल दोन. फ्लॅश मारला तर रंगमंचावरच्या प्रकाशाची सगळी मजा जाते, म्हणून फिल्म तिच्या कुवतीपेक्षा जास्त वेगाची आहे असं धरून फोटो काढायचे आणि धुताना रसायनात जास्त वेळ ठेवायची. दाणे उठायचे, पण चेहरा यायचा. अशा काटकसरीत कॅमेरा जाणार कुठे? जिथे दिवा आहे तिथे, म्हणजे गायकावर. ड्रमवाला मागे अंधारात, सिंबलच्या आड. त्याच्यावर फिल्म कोण खर्च करणार?

आमच्या धंद्यात ज्यांना आम्ही गुरुस्थानी मानतो, त्यांची तऱ्हा वेगळी होती. अमेरिकेत कॅलिफोर्नियात जून १९६७ मध्ये माँटेरीचा महोत्सव झाला. जिमी हेंड्रिक्सनं तिथे आपली गिटार पेटवली. तो क्षण टिपणारा एड कॅराफ सतरा वर्षांचा शाळकरी पोरगा होता, रंगमंचाला खेटून खुर्चीवर उभा. तिथेच जिम मार्शलही होता. १९६६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला बीटल्सचा शेवटचा जाहीर कार्यक्रम झाला, तेव्हा पडद्यामागे जायची मुभा मिळालेला हाच एक छायाचित्रकार. त्याची अट एकच, सगळीकडे फिरू द्या. जॅनिस जॉप्लिनचे १९६८ मधले त्याचे फोटो पाहा. कार्यक्रमाच्या जागीच, रंगमंचामागे, कोचावर ती मद्याची बाटली घेऊन बसली आहे. एका फोटोत खदखदून हसते आहे, तर दुसऱ्यात पार खचलेली दिसते. सप्टेंबर १९७० मध्ये हेंड्रिक्स गेला आणि सोळा दिवसांनी जॅनिस गेली. दोघंही सत्तावीस वर्षांचे. आज ते दुसरं चित्र पाहिलं की वाटतं, ही बाई काय सोसत होती ते मार्शलला दिसलं होतं. प्रकाशाबाहेरही पाहायची त्याला सवय होती.

पुढे व्यवहार बदलला. मोठ्या कार्यक्रमांत छायाचित्रकारांना पहिल्या तीन गाण्यांची मुभा, फ्लॅश बंद, मग बाहेर व्हा, असा रिवाज जगभर रुळला. एप्रिल २००३ मध्ये रोलिंग स्टोन्स मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर आले तेव्हा मीही तीन गाण्यांपुरता पुढे होतो. मिक जॅगर या टोकापासून त्या टोकापर्यंत पळत होता आणि माझी लेन्स त्याच्यामागे. ड्रमवर चार्ली वॉट्स होता. जॅझचा वेडा, अबोल माणूस. दौऱ्यावर असताना ज्या ज्या हॉटेलात झोपेल तिथल्या पलंगाचं रेखाचित्र काढून ठेवायचा. ऑगस्ट २०२१ मध्ये ऐंशीव्या वर्षी तो गेला आणि पुन्हा फोन आला. शोधलं. जॅगरचे एकशेचार फोटो निघाले. चार्लीचा एक. तोही जॅगर वाकला म्हणून आलेला!

चार्लीचं काही अडलं नाही, त्याचे हजारो फोटो जगात आहेत. पण रंगभवनातल्या पोरांचं काय?

दोनेक वर्षांपूर्वी एक मुलगी घरी आली. तिचे वडील ऐंशीच्या दशकात एका बँडमध्ये बेस वाजवायचे. पुढे बँकेत नोकरी, संसार, गिटार माळ्यावर. ते नुकतेच गेले होते. "काका, बाबांचा वाजवतानाचा एकही फोटो घरात नाही. तुमच्याकडे असेल का?" आम्ही दोघं संध्याकाळपर्यंत निगेटिव्ह उजेडापुढे धरून पाहत बसलो. शेवटी एक सापडला. मधोमध गायक, आणि कडेला गिटारची मान, तारांवर चार बोटं आणि मनगटावर घड्याळ. चेहरा चौकटीबाहेर. ती म्हणाली, "हेच. हे घड्याळ आईनं दिलेलं." मी तेवढाच भाग मोठा करून दिला. पैसे घेतले नाहीत. घेणार कसे? अर्धा माणूस मीच कापला होता.

रंगभवनही आता गप्प आहे. २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले. रुग्णालयं, शाळा-कॉलेजं, न्यायालयं यांच्याभोवती शंभर मीटरचा शांतता टापू ठरला आणि पुढच्या काही वर्षांत तिथला रॉक थांबला. नियमाबद्दल तक्रार नाही, आजाऱ्याला झोप हवीच. पण जागा गेली की तिथल्या आठवणी सांगणारं फक्त कागदच उरतं, आणि आमच्या कागदावर निम्मी माणसं नाहीत.

सध्या मी एक काम हाती घेतलं आहे. जुन्या पट्ट्या काढतो, त्या काळातल्या मित्रांना बोलावतो आणि विचारतो, हा खांदा कुणाचा, हा हात कुणाचा? आठवेल ते नाव पाकिटावर लिहितो. आतापर्यंत बरीच नावं लागली. काही पाकिटांवर अजून प्रश्नचिन्हं आहेत. आपल्यापैकी कुणी तेव्हा रंगभवनात मागच्या अंधारात वाजवत असेल, तर त्यानं स्वतःहून घरी यावं. चहा घेऊ, आणि नाव लिहून टाकू.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)