मोनॅकोचें द्यूतगृह

भूमध्य समुद्राच्या कांठीं मोनॅको हें चिमुकलें राज्य आहे. १८४८ सालीं मेंतों व रोकब्रून हीं दोन नगरें त्यापासून फुटलीं आणि लिंबें व ऑलिव्हचें तेल यांवरील जकात बुडाली. १८६१ सालीं चाळीस लक्ष फ्रँक घेऊन राजा तिसरा चार्ल्स यानें त्यांवरील हक्क फ्रान्सला दिला. खजिना भरण्यासाठीं राजघराण्यानें द्यूताचा आश्रय केला होता. पण पहिले मक्तेदार अपयशी ठरले. १८६३ सालीं फ्रांस्वा ब्लां याला पन्नास वर्षांचा मक्ता मिळाला. १८६८ सालीं आगगाडी आली, गिऱ्हाईक वाढलें, आणि १८६९ सालीं प्रजेचे प्रत्यक्ष कर माफ झाले. मात्र त्या द्यूतगृहांत खेळण्यास मोनॅकोच्या नागरिकांना कायद्यानें बंदी आहे. ज्या धंद्यावर राज्य तरलें, त्यापासूनच आपल्या प्रजेला दूर ठेवावें लागलें. द्यूताच्या स्वरूपाची याहून स्पष्ट कबुली दुसरी कोणती?