टेप कोणाच्या हातात?

मी इतिहासाचा प्राध्यापक. माझ्या घरात पदवी मिळवणारा पहिला माणूस मीच. त्यामुळे नात्यातल्या कोणत्याही मुलाने दहावी-बारावी ओलांडली की त्याचे आईबाप त्याला माझ्यासमोर आणून बसवतात आणि म्हणतात, "याले काही सांगा." आजवर माझे सांगणे ठरलेले असे: बी. ए. कर, स्पर्धा परीक्षा दे, मास्तरकी बघ. पण मागच्या उन्हाळ्यात लोहाऱ्याचा माझा मावसभाऊ आला आणि माझे हे ठरलेले सांगणे अडखळले.

लोहारा यवतमाळ शहराला लागून, दारव्हा रस्त्यावर. तिथे औद्योगिक वसाहत आहे आणि 1996 पासून अभियांत्रिकी महाविद्यालयही आहे. ज्यांनी या वसाहतीच्या शेडांच्या पायासाठी खड्डे खणले, विटा वाहिल्या, त्यांत माझा बाप होता आणि या मुलाचाही. मुलाने स्थापत्याची पदविका घेतली. आता त्याला क्वांटिटी सर्व्हेइंग शिकायला पुण्याला जायचे होते. मावशीचा विरोध, मावसाजी गप्प. मीही विचारले, "हे कशाचे शिक्षण रे बाबा? नोकरी तरी सरकारी आहे का?"

तो म्हणाला, "दादा, इमारत बांधायच्या आधी ती कागदावर मोजायची. किती खोदकाम, किती विटा, किती लोखंड, किती मजुरी. आणि काम झालं की पुन्हा मोजायचं, मग बिल."

माय बाजूला बसून तांदूळ निवडत होती. ती मान वर न करता बोलली, "मंग तर जाऊ दे त्याले. मोजणारा आपला असता, तर मी दोन पैसे जास्त आणले असते."

या एका वाक्याने मला माझ्या विषयाकडे परत पाठवले. इतिहासाच्या पुस्तकात किल्ले कोणी बांधले याचे उत्तर राजाच्या नावाने दिले जाते. पुष्कळ पुढे गेलेला इतिहासकार फार तर म्हणतो, की ते श्रमिकांनी बांधले. परंतु श्रम आणि मोबदला यांच्या मध्ये एक तिसरा माणूस उभा असतो, तो म्हणजे मोजणारा. त्याचा इतिहास आपण लिहिलेला नाही. वास्तविक आपल्या पिळवणुकीची किल्ली बरीचशी त्याच्याच कमरेला होती.

गावगाड्यात शिवेचा वाद उभा राहिला की महाराची साक्ष महत्त्वाची मानीत. शीव कुठून जाते, दगड कुठे पुरला आहे, हे त्याला ठाऊक. म्हणजे जमिनीचे ज्ञान त्याच्याकडे होते. पण ते पायांत आणि स्मरणात होते, कागदावर नव्हते. 1853 मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेला आणि पुढे मुंबई इलाख्याच्या धर्तीवर इथे मोजणी व जमाबंदी झाली. तेहतीस फुटांची साखळी आली. तेहतीस फूट लांब, तेहतीस फूट रुंद म्हणजे एक गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एकर. साखळी आली तसे ज्ञान पायांतून वहीत गेले, आणि ज्याला वही वाचता येत नव्हती तो त्या ज्ञानाला मुकला. वही कोणाच्या हातात होती, हे वाचकांना सांगायला नको.

ही गोष्ट सर्वांत आधी ज्याने ओळखली तो माणूस स्वतः बांधकामाच्या धंद्यात होता. जोतीराव फुले यांना आपण शाळा काढणारे म्हणून ओळखतो. ते सरकारी कामांचे कंत्राटदारही होते, हे आपण फारसे सांगत नाही. पुण्याजवळच्या कात्रजच्या बोगद्याशी आणि येरवड्याच्या पुलाशी त्यांच्या कंत्राटांचा संबंध होता. सत्यशोधक चळवळीला मुंबईत आधार देणाऱ्यांत तेलुगू समाजातले बांधकाम कंत्राटदार होते. 'गुलामगिरी' हा ग्रंथ 1873 चा. त्यात मामलेदार-कलेक्टर कचेऱ्यांबरोबर जोतीरावांनी इंजिनीयर खात्याचाही समाचार घेतला आहे. खात्यातला कारकून कामाचे माप आणि मजुराचा पैसा कसा फिरवतो, हे त्यांना कोणी सांगावे लागले नाही. ते त्या कामावर उभे होते.

दुसरा माणूस म्हणजे बाबासाहेब. जुलै 1942 मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खाते त्याच मजूरखात्याच्या कक्षेत होते. 29 ऑक्टोबर 1942 रोजी त्यांनी अनुसूचित जातींच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन सरकारला सादर केले. त्यात नोकऱ्यांचा आणि शिक्षणाचा प्रश्न होता तसा सरकारी कंत्राटांचाही होता. शिक्षणाविषयी त्यांचे म्हणणे स्पष्ट होते: नुसत्या कला आणि कायद्याच्या पदव्यांनी आपल्या माणसांचे फारसे भागणार नाही, विज्ञान आणि तंत्रज्ञानाच्या उच्च शिक्षणासाठी सरकारने पैसा दिला पाहिजे. 1944 पासून मॅट्रिकनंतरच्या शिष्यवृत्त्या सुरू झाल्या. त्याच वाटेने पुढे आमच्यासारखे शिकले. मात्र आम्ही बहुतेक जण शिकलो काय? मराठी, इतिहास, राज्यशास्त्र. यात आमचा दोष किती आणि गावातल्या कॉलेजात दुसरे काही नसण्याचा किती, हा हिशेब वेगळा. पण मी त्या मुलाला "बी. ए. कर" म्हणत होतो तेव्हा बाबासाहेबांच्या सांगण्याच्या उलट बोलत होतो, हे कबूल केले पाहिजे.

आता मायचे वाक्य. 1972 च्या दुष्काळानंतर महाराष्ट्रात रोजगार हमीचा कायदा झाला. तो 1977 साली संमत झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून अमलात आला. मागेल त्याला काम, आणि बाईला पुरुषाइतकाच दर. ही मोठी गोष्ट होती, ती नाकारण्याचे कारण नाही. पण मजुरी रोजावर नव्हती, कामाच्या मापावर होती. माय ऐंशीच्या दशकात पाझर तलावाच्या कामावर होती. ती सांगते, "आमी खोल खंदला, कागदावर थो उथळा झाला."

याचा अर्थ मला त्या मुलाने वहीवर मांडून दाखवला. दहा फूट लांब, दहा फूट रुंद, एक फूट खोल खड्डा म्हणजे शंभर घनफूट, म्हणजे एक ब्रास. मोजणाऱ्याने खोली एक फुटाऐवजी नऊ इंच लिहिली की पंचाहत्तर घनफूट झाले. तीन इंचांत चौथाई मजुरी गेली. कुणाला मारले नाही, कुणाला शिवी दिली नाही, फक्त टेप थोडी वर धरली. म्हणूनच खोदकामात मधे मधे न खणलेले मातीचे खांब ठेवण्याची रीत आहे. मूळ जमीन किती उंच होती, याची ते साक्ष देतात. माप घेण्याआधीच ते फोडले की साक्षीदार संपला.

पुढे 'लीड' आणि 'लिफ्ट'. माती पन्नास मीटरपर्यंत नेऊन टाकणे आणि दीड मीटरपर्यंत उचलणे हे मूळ दरात धरलेले असते. त्यापलीकडे नेले तर वाढीव दर. मायला विचारले, "माती किती लांब टाकत होतीस?" ती म्हणाली, "बांध जसा वर जाय, तसं आमीबी वर जाओ." म्हणजे रोज तिची लिफ्ट वाढत होती. ती मापाच्या वहीत कोणी लिहिली की नाही, हे तिला कधी कळले नाही. टोळीने अंगठे दिले आणि पैसे वाटून घेतले.

क्वांटिटी सर्व्हेइंग म्हणतात ते याहून निराळे काही नाही, फक्त ते कायद्याने बांधलेले शास्त्र आहे. इंग्लंडात एके काळी काम झाल्यावर ते मोजून कारागिरांचे पैसे ठरवणारे मापारी असत. पुढे कामाआधीच निविदा मागवण्याची पद्धत रुळली, तशी नकाशावरून परिमाणे काढणे हा स्वतंत्र पेशा झाला. 1868 साली लंडनमध्ये सर्व्हेअरांची संस्था निघाली, 1881 मध्ये तिला राजसनद मिळाली. आपल्याकडे बांधकाम कसे मोजावे याचे भारतीय मानक आहे, क्रमांक 1200. अर्ध्या चौरस मीटरपर्यंतच्या झरोक्याबद्दल गिलाव्यातून वजावट करायची नाही, इतके बारीक त्यात लिहिलेले आहे. लोखंडी सळईच्या व्यासाचा मिलिमीटरमध्ये वर्ग करून 162 ने भागले की मीटरमागे वजन किलोत येते: बारा मिलिमीटरची सळई म्हणजे साधारण 0.89 किलो. बांधकाम व्यवस्थापनाचे शिक्षण देणारी संस्था पुण्यात आहे. निकमार या नावाने ती ओळखली जाते. शिकून बाहेर पडलेला मुलगा एस्टिमेट करतो, दराचे पृथक्करण करतो, निविदा तपासतो, बिले मंजूर करतो. पुलावर, रेल्वेवर, आखाती देशांतल्या इमारतींवर त्याला काम मिळते.

एवढे ऐकून मी त्याला एक प्रश्न विचारला, आणि तो मी वाचकांसमोरही ठेवतो. "तुझा पगार कोण देणार?" तो म्हणाला, "कंत्राटदार, नाहीतर मालक." मी म्हणालो, "म्हणजे टेप तुझ्या हातात येईल, पण हात त्यांचा असेल. समोर खड्ड्यात तुझ्या मावशीसारखी बाई उभी असेल. तेव्हा किती इंच लिहिशील?"

तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "दादा, माप खरं लिहायला आधी ते घेता आलं पाहिजे ना. आणि मी तिला ते वाचून दाखवीन."

हे उत्तर पुरेसे आहे, असे मी म्हणत नाही. आपला माणूस खुर्चीत बसला म्हणजे खुर्ची बदलते, हा भ्रम गेल्या पन्नास वर्षांत आपण पुरेसा भोगला आहे. मात्र माप ज्याला वाचता येत नाही, त्याच्या बाजूने ते खरे राहील अशी आशा धरणे हा त्याहून मोठा भ्रम आहे. पायांतले ज्ञान वहीत गेले तेव्हा आपण हरलो. वहीतले ज्ञान खड्ड्यापर्यंत परत आणल्याशिवाय तो हिशेब पुरा होणार नाही.

मावशीला मी सांगितले, "जाऊ दे त्याला." पहिल्या सत्राच्या फीचा वाटा मी उचलला आहे. जाण्याच्या आदल्या दिवशी मायने त्याला आमच्या अंगणाची लांबी-रुंदी काढायला लावली. त्याने आकडे मोठ्याने सांगितले. मायने स्वतः पावलांनी अंगण मोजले आणि म्हणाली, "बराबर हाय."