सिंहांसाठी रिकामी केलेली गावं

ग्वाल्हेर-लष्करातल्या जुन्या मराठी घरांत शिंदे सरकारांच्या सिंहांचा विषय अजून निघतो. मी तो आजोबांकडून ऐकला, अर्थात तिखटमीठ लावलेला. त्यातला पक्का भाग एवढाच, की विसाव्या शतकाच्या सुरुवातीला माधवराव महाराजांनी आफ्रिकेतून सिंह मागवले, कुनोच्या जंगलात डोब कुंडाजवळ उंच भिंतींच्या आवारात ठेवले आणि पुढे मोकळे सोडले. ते गुरं मारू लागले, माणसांवरही गेले. शेवटी त्यांचा बंदोबस्त करावा लागला. हौस दरबारची, झळ रयतेला!

त्याच जंगलात पुन्हा सिंह आणायचं ठरलं ते १९९०च्या दशकात. या वेळी मात्र कारण हौसेचं नव्हतं. आशियाई सिंह जगात फक्त गीरच्या परिसरात उरले होते. एखादी साथ आली तर सगळेच धोक्यात. १९९४ मध्ये आफ्रिकेतल्या सेरेंगेटीत कुत्र्यांच्या डिस्टेंपर रोगानं सुमारे एक तृतीयांश सिंह गेले, तेव्हा ही भीती काल्पनिक नव्हती. भारतीय वन्यजीव संस्थेनं जागा पाहून कुनो निवडलं. ते १९८१ पासून अभयारण्य होतंच.

मग वनखात्यानं १९९८ ते २००३ या काळात आतली २४ गावं बाहेर हलवली. दीड हजारांच्या आसपास कुटुंबं, बहुतेक सहरिया आदिवासी. त्यांना बाहेर जमिनी मिळाल्या, पण सालईचा डिंक, मोह, तेंदूपत्ता हे सगळं मागे राहिलं. ज्याचं निम्मं पोट जंगलावर चालतं, त्याला नुसत्या जमिनीच्या पट्ट्यानं काय होणार?

आणि सिंह? गुजरात सरकारनं ते दिलेच नाहीत. १५ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयानं सहा महिन्यांत सिंह हलवायला सांगितलं, तरी एकही आला नाही. शेवटी १७ सप्टेंबर २०२२ ला तिथे उतरले नामिबियाचे आठ चित्ते.

वनखात्याला मी सरसकट दोष देणार नाही. रिकाम्या झालेल्या जंगलात चितळ चांगलेच वाढले. पण मला खटकतं ते हे, की सहरियांना हलवायला एक खातं पुरलं आणि सिंह हलवायला सर्वोच्च न्यायालयही पुरलं नाही.

कुनोत आज जी गवताळ मैदानं दिसतात, त्यातली बरीचशी त्या २४ गावांची शेतं आहेत.