विक्रम आणि प्रतिपक्ष

कल्याण हें गांव इतिहासाच्या वाचकाला जुन्या बंदरामुळें ठाऊक आहे आणि प्रवाशाला रेल्वेच्या जंक्शनामुळें. इसवी सन २०१६ च्या जानेवारी महिन्यांत मात्र साऱ्या क्रिकेटविश्वाच्या तोंडीं त्याचें नांव झालें तें एका पंधरा वर्षांच्या शाळकरी मुलामुळें. भंडारी चषकाच्या आंतरशालेय सामन्यांत के. सी. गांधी शाळेच्या प्रणव धनावडे यानें आर्य गुरुकुल शाळेविरुद्ध नाबाद १००९ धांवा काढल्या. रिक्षाचालकाचा हा मुलगा ३२७ चेंडू खेळला. त्यांत १२९ चौकार व ५९ षट्कार होते. म्हणजे हजार धांवांपैकीं ८७० धांवा त्याला पाय न हलवितांच मिळाल्या.

नोंद असलेल्या कोणत्याही सामन्यांत एका फलंदाजानें एका डावांत हजार धांवा केल्याचें पूर्वीं घडलें नव्हतें. त्याआधींचा उच्चांक इंग्लंडांत, क्लिफ्टन कॉलेजांतील ए. ई. जे. कॉलिन्स या तेरा वर्षांच्या मुलाच्या नांवें होता. १८९९ सालच्या जून महिन्यांत त्यानें नाबाद ६२८ धांवा काढल्या होत्या. एकशें सोळा वर्षें टिकून राहिलेला तो आंकडा प्रणवनें पहिल्याच दिवसाच्या अखेरीस मागें टाकला.

या सामन्याच्या धांवफलकाचा दुसरा भाग मात्र फारसा कोणी वाचीत नाहीं. आर्य गुरुकुल शाळेचा पहिला डाव ३१ धांवांत आटोपला व दुसरा ५२ धांवांत. गांधी शाळेनें ३ गडी बाद १४६५ धांवांवर आपला डाव बंद केला आणि एक डाव व १३८२ धांवांनीं सामना जिंकला. पराभूत संघांत वयानें लहान अशीं मुलें बरींच होतीं आणि मैदानाची एका बाजूची सीमा अगदीं जवळ होती, असें त्या वेळच्या वृत्तपत्रांनीं नमूद केलें. यांत प्रणवकडे कसलाही दोष जात नाहीं. समोर आलेला चेंडू खेळणें हें फलंदाजाचें काम. प्रतिस्पर्धी निवडणें हें त्याचें काम नव्हे. शिवाय कॉलिन्सच्या प्रतिस्पर्ध्यांची कथाही निराळी नव्हती. त्याच्या संघाच्या ८३६ धांवांना उत्तर म्हणून त्यांनीं दोन्ही डाव मिळून १४८ धांवा केल्या व एक डाव आणि ६८८ धांवांनीं हार खाल्ली.

मग विक्रम मोजावा कशानें? कुस्तीच्या आखाड्यांत मल्लानें कोणाला पाडलें हें लोक आधीं विचारतात, किती वेळांत पाडलें हें मागाहून. क्रिकेटचा हिशेब आंकड्यांत मांडला जात असल्यामुळें हा पहिला प्रश्न तेथें विसरला जातो. त्याचें उत्तर शोधावयाचें तर कल्याणहून आगगाडीनें मुंबई गांठावी, आणि काळानें मागें जाऊन १९४३ सालच्या हिंवाळ्यांतील ब्रेबोर्न स्टेडियम पाहावें. तेथें एकाच अंतिम सामन्यांत दोन प्रतिस्पर्ध्यांनीं एकमेकांचे उच्चांक मोडले होते, आणि योगायोग असा कीं, दोघांचेंही नांव विजयच होतें.

त्या काळीं मुंबईचे पंचरंगी सामने म्हणजे शहराचा मोठा उत्सव असे. १९०७ सालीं तिरंगी, १९१२ पासून चौरंगी आणि १९३७ पासून पंचरंगी अशी त्यांची वाढ झाली. युरोपियन, पारशी, हिंदु आणि मुसलमान असे चार संघ होते. या चौहोंत न बसणाऱ्या ख्रिस्ती वगैरे खेळाडूंचा पांचवा संघ 'रेस्ट' या नांवानें खेळे. धर्मावरून संघ पाडण्याच्या या प्रथेस महात्मा गांधींनीं १९४० सालीं उघड विरोध दर्शविला, आणि १९४५-४६ च्या हंगामानंतर हे सामने कायमचे बंद झाले. तो विरोध रास्तच होता. तथापि खेळाचा दर्जा उच्च होता आणि सामने बाद पद्धतीचे असल्यामुळें हरणाऱ्या संघाला दुसरी संधि नसे.

विजय मर्चंट हे मुंबईच्या गिरणीमालक घराण्यांतले. हिंदु संघाचा ते आधारस्तंभ होते. विजय हजारे हे सांगलीच्या एका ख्रिस्ती शाळाशिक्षकाचे चिरंजीव. ते 'रेस्ट' संघाकडून खेळत. १९४१-४२ च्या हंगामांत मर्चंट यांनीं केलेल्या २४३ धांवा हा पंचरंगी सामन्यांचा उच्चांक होता. १९४३ सालीं हजारे यांनीं मुसलमान संघाविरुद्ध २४८ धांवा काढून तो मोडला. अंतिम सामन्यांत हे दोघे समोरासमोर आले. हिंदूंनीं ५ गडी बाद ५८१ धांवांवर डाव बंद केला, तेव्हां मर्चंट २५० धांवांवर नाबाद होते. पांच वर्षें नव्हे, पांच महिनेही नव्हेत; त्याच स्पर्धेच्या पुढल्याच सामन्यांत उच्चांक मूळ मालकाकडे परत गेला होता.

यानंतर 'रेस्ट' संघाचा पहिला डाव १३३ धांवांत कोसळला. त्यांत ५९ धांवा एकट्या हजारे यांच्या होत्या. फॉलो-ऑन मिळून दुसऱ्या डावांत ६० धांवांत पांच गडी बाद झाले, तेव्हां सामन्याचा निकाल कोणालाही सांगतां आला असता. अशा वेळीं हजारे यांच्या जोडीला त्यांचे बंधु विवेक हजारे आले. या दोघां भावांनीं सहाव्या गड्यासाठीं ३०० धांवांची भर घातली आणि त्यांत विवेक यांचा वांटा होता २१ धांवांचा. संघाचा डाव ३८७ धांवांत संपला. त्यांपैकीं ३०९ धांवा विजय हजारे यांच्या. बाकीच्या साऱ्या फलंदाजांच्या व अवांतर धांवा मिळून अवघ्या ७८. डावांतील शंभर धांवांमागें जवळजवळ ऐंशी धांवा एकट्याच्या! न्यूझीलंडच्या ग्लेन टर्नर यानें १९७७ सालीं वुस्टरशायर परगण्याकडून खेळतांना १६९ पैकीं १४१ धांवा काढून हें प्रमाण ओलांडलें.

एवढें होऊनही हिंदु संघ एक डाव व ६१ धांवांनीं जिंकला. चषक मर्चंट यांच्या संघाकडे गेला आणि उच्चांक हजारे यांच्याकडे. त्या ३०९ धांवांचें मोल पराभवानें कमी झालें नाहीं, उलट वाढलें. कारण त्यांतील प्रत्येक धांव बुडत्या डावांत, जिंकण्याच्या ईर्ष्येनें गोलंदाजी करणाऱ्या संघाविरुद्ध मिळविलेली होती. विवेक हजारे यांच्या २१ धांवा कोणत्याही उच्चांकाच्या यादींत सांपडणार नाहींत. परंतु दुसरें टोक त्यांनीं धरून ठेवलें नसतें, तर वडील बंधूंचे त्रिशतक कागदावर उतरलेंच नसतें.

मर्चंट यांनींही स्वस्थ बसणें पसंत केलें नाहीं. वर्ष उलटतां उलटतां रणजी करंडकाच्या सामन्यांत, महाराष्ट्राविरुद्ध मुंबईकडून खेळतांना त्यांनीं नाबाद ३५९ धांवा काढल्या. भारतीय फलंदाजाची ती तोंवरची सर्वांत मोठी धांवसंख्या होती. प्रतिस्पर्ध्याचा पराक्रम हेंच दोघांनाही पुढें ढकलणारें बळ ठरलें.

मुंबईहून निघालेली आगगाडी कल्याणास आली कीं तिची एक वाट पुण्याकडे वळते. प्रतिपक्षानें पाठ फिरविली तर विक्रमाचें काय होतें, याचें उदाहरण त्या वाटेवर, पुण्यांतच सांपडतें. डिसेंबर १९४८ मध्यें पूना क्लबच्या मैदानावर महाराष्ट्र आणि काठेवाड यांचा रणजी करंडकाचा सामना चालू होता. काठेवाडचा डाव २३८ धांवांत संपल्यावर महाराष्ट्रानें ४ गडी बाद ८२६ धांवा केल्या. भाऊसाहेब निंबाळकर ४४३ धांवांवर नाबाद होते. डॉन ब्रॅडमन यांनीं १९३० सालीं सिडनी येथें केलेल्या नाबाद ४५२ धांवांचा जागतिक उच्चांक गांठण्यास नऊ धांवा कमी होत्या. खेळ विश्रांतीसाठीं थांबला, आणि काठेवाडचे कर्णधार, राजकोटचे ठाकोरसाहेब, यांनीं पुढें खेळण्याचें नाकारून सामना सोडून दिला. आपल्या संघाचें नांव अशा उच्चांकाशीं पराभूत म्हणून जोडलें जाऊं नये, ही त्यामागची भावना होती असें सांगतात. निंबाळकर यांना पुढें कसोटी सामना कधींच मिळाला नाहीं. त्या नऊ धांवाही मिळाल्या नाहींत. भारतीय फलंदाजाची प्रथम श्रेणीच्या सामन्यांतील सर्वोच्च धांवसंख्या म्हणून ४४३ हा आंकडा मात्र टिकून राहिला.

त्याच हंगामांत, मार्च १९४९ मध्यें, पुण्यांतच मुंबई आणि महाराष्ट्र उपांत्य सामन्यासाठीं एकत्र आले. मुंबईनें ६५१ व ८ गडी बाद ७१४, महाराष्ट्रानें ४०७ व ६०४ अशा धांवा केल्या. एकूण बेरीज २३७६ झाली. मुंबईकडून दत्तू फडकर व उदय मर्चंट यांनीं आणि महाराष्ट्राकडून रेगे यांनीं दोन्ही डावांत शतकें काढलीं. जिंकण्यासाठीं ९५९ धांवा हव्या असतांना महाराष्ट्रानें बॅट खालीं ठेवली नाहीं. ३५४ धांवांनीं हरेपर्यंत तो संघ खेळत राहिला. ती अवाढव्य बेरीज दोन्ही पक्षांनीं मिळून उभी केली आहे.

आतां पुन्हां कल्याणकडे वळावें. ठाण्याच्या दादोजी कोंडदेव क्रीडांगणापासून कल्याण-डोंबिवलीच्या शाळांपर्यंत जीं मुलें बॅट हातीं घेतात, त्यांच्या वयाचा, म्हणजे सोळा वर्षांखालील मुलांचा, राष्ट्रीय चषक विजय मर्चंट यांच्या नांवाचा आहे. मोठ्यांच्या एकदिवसीय सामन्यांचा चषक विजय हजारे यांच्या नांवाचा आहे. एकाच्या चषकांत तयार झालेला मुलगा पुढें दुसऱ्याच्या चषकांत उतरतो. अंतिम सामन्यांत परस्परांविरुद्ध उभे राहिलेले दोन प्रतिस्पर्धी असे एकाच वाटेवरचे दोन मुक्काम झाले आहेत.

प्रणवच्या विक्रमाकडेही याच दृष्टीनें पाहावयास हवें. प्रतिपक्ष दुर्बळ होता, हें खरें; ३०९ आणि १००९ यांची तुलना नुसत्या आंकड्यांनीं करतां येणार नाहीं, हेंही खरें. परंतु राजकोटचे ठाकोरसाहेब जेथें मैदान सोडून गेले, तेथें आर्य गुरुकुल शाळेचीं मुलें गेलीं नाहींत. पहिल्या दिवशीं साडेनऊशेंच्या वर धांवा झालेल्या पाहून तीं घरीं परतलीं, आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं पुन्हां त्याच मैदानावर क्षेत्ररक्षणास उभीं राहिलीं. गांधी शाळेचा डाव बंद होईपर्यंत चेंडू टाकीत राहिलीं, आणि मग पॅड बांधून आपल्या दुसऱ्या डावाला निघालीं. त्या डावांत त्यांनीं पहिल्यापेक्षां एकवीस धांवा अधिक केल्या.